छाटणीनंतर वडाचं पथ्यपाणी

बोन्सायच्या वर्गाला जाऊन आलात. उत्साहाच्या भरात कुंडीतल्या वडाच्या निम्म्याहून अधिक फांद्या छाटल्या, उरलेल्यांना तारा गुंडाळून वळण दिलं. आठ दिवसांनी पाहता तो काय, होती ती पानंही पिवळी पडून गळताहेत! सात-आठ वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड आपल्याच हातानं गेलं की काय, या विचारानं तुम्हाला घास गोड लागत नाही.

घाबरू नका. आधी फांदीची साल नखानं अगदी किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं की फांदी जिवंत आहे असं समजा. वड मोठा चिवट. पानं नसलेल्या जून फांदीलाही त्याला नवे डोळे फुटतात. पाइनचं मात्र तसं नाही. तिथं फांदीवर हिरवी पानं राखावीच लागतात, म्हणून वडाचा धडा पाइनला लावू नका बरं!

खरं सांगायचं तर अशी झाडं छाटणीपेक्षा आपल्या मायेनंच जास्त दगावतात. बिचारं सुकलं म्हणून आपण दोन वेळा पाणी घालतो. पण पाणी वर ओढून घेतात ती पानं. पानंच कमी झाली की माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. तेव्हा बोट मातीत पेरभर खुपसून पाहा. वरची माती सुकली असेल तरच पाणी द्या, मात्र देताना कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतकं द्या.

ताकद यावी म्हणून लगेच खत घालू नका, दुखावलेल्या झाडाची मुळं त्यानं करपतात. कुंडीही आत्ता बदलू नका. वर फांद्या कापलेल्या, त्यात खाली मुळं कापली तर झाडानं सावरायचं कशाच्या जोरावर?

दुपारचं कडक ऊन आणि वारा लागणार नाही, पण भरपूर उजेड मिळेल अशा जागी कुंडी ठेवा. सकाळी फांद्यांवर पाण्याचा फवारा मारा. तार वाकवताना एखादी फांदी तडकली असेल, तर तिला सुतळीनं बांधून तशीच राहू द्या.

उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत पालवी दिसू लागते, थंडीत जरा उशीर लागतो. पानं पुरी उमलून गडद झाली की हळूहळू उन्हात आणा आणि निम्म्या प्रमाणात पातळ खत द्या. आता लक्ष तारांकडे! झाड जोमानं वाढू लागलं की तार सालीत रुतते. दर आठवड्याला पाहा. रुतू लागली की उलगडत बसू नका, पकडीनं तुकडे करून काढा. आणि पुढची मोठी छाटणी? ती पुढच्या वर्षी.

जपानमधल्या हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे 1625 पासून जोपासलेला एक बोन्साय पाइन होता. 6 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बमधूनही तो वाचला. 1976 मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि तिथं वॉशिंग्टनमध्ये त्याची निगा राखली जाते. पिढ्यान्‌पिढ्या जगणारी ही झाडं! तुमच्या वडासाठी दोन महिने हात आवरून बसणं काय जड आहे?