दुसरा सर्व्हर खरंच उभा राहील का?

वाईच्या बाजारपेठेत पतसंस्थेच्या काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळानं या’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळाच. हळदीची पट्टी हातात आलेल्या शेतकऱ्याला त्या दिवशी पैसे भरता येत नाहीत आणि काढताही येत नाहीत. हे टाळण्यासाठीच फेलओव्हर क्लस्टर असतो. दोन किंवा अधिक सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात; एक पडला की त्याचं काम दुसरा उचलतो.

मायक्रोसॉफ्टनं ही सोय 1997 मध्ये विंडोज एनटीवर आणली, तेव्हा क्लस्टरमध्ये दोनच सर्व्हर असत. यंत्रसामग्रीही कंपनीनं तपासून मान्य केलेल्या यादीतलीच घ्यावी लागे. विंडोज सर्व्हर 2008 पासून ही तपासणी ग्राहकाच्या हाती आली. क्लस्टर उभारण्याआधी एक चाचणी चालवायची. दोन्ही सर्व्हरवर सारखेच अपडेट आहेत का, नेटवर्कच्या वाटा किती आहेत, सामायिक डिस्कचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे नीट जातो का, हे सगळं ती तपासते आणि शेवटी अहवाल देते.

हा अहवाल नीट वाचायला हवा. लाल फुली कुणाच्याही नजरेत भरते, पिवळ्या खुणेकडे मात्र सर्रास काणाडोळा होतो. दोन सर्व्हरमध्ये नेटवर्कची एकच वाट असेल तर चाचणी नापास करत नाही, फक्त पिवळा इशारा देते. त्या एका वाटेवरचा स्विच जळाला की दोन्ही यंत्रं धडधाकट असूनही एकमेकांना दिसत नाहीत. एरवी ती दर सेकंदाला परस्परांना ‘मी आहे’ असा संदेश पाठवत असतात. असे काही संदेश ओळीनं चुकले की समोरचा गेला असं धरलं जातं. दोघांनीही तसंच धरलं आणि एकाच डिस्कवर लिहायला सुरुवात केली, तर खातेदारांच्या नोंदींचा चुथडा होईल. म्हणून तिसरं मत असलेला ‘विटनेस’ ठेवतात; बहुमत ज्याच्या बाजूला, तोच काम चालू ठेवतो.

चालू क्लस्टरवर डिस्कची चाचणी घ्यायची तर तिथलं काम थोडा वेळ थांबवावं लागतं. तपासणी पुढे ढकलली जाते ती इथेच. काम थांबेल या भीतीनं कुणी हात लावत नाही आणि वर्षं निघून जातात.

पर्यायी व्यवस्था नुसती असून भागत नाही, याचं मोठं उदाहरण शेअर बाजारात दिसलं. 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार 11.40 ला थांबले, ते पावणेचारलाच सुरू झाले. दूरसंचार जोडण्या दोन कंपन्यांच्या होत्या. दोन्हींत बिघाड झाला. पर्यायी केंद्र असूनही काम तिकडे हलवलं गेलं नाही. पुढच्याच महिन्यात बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनं नियम कडक केले: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. 2 मार्च 2024 च्या शनिवारी बाजारानं खऱ्या सौद्यांसह एक सत्र मुख्य केंद्रावर आणि दुसरं पर्यायी केंद्रावर चालवलं. माझ्या मते खरी परीक्षा हीच. कागदावरच्या हिरव्या खुणा तिच्या आधीची तयारी.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. वाईच्या घाटाला लागून वाहणारी कृष्णा पुढे सांगलीला जाते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ तिची पातळी 57 फुटांवर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. दोन्ही सर्व्हर एकाच तळमजल्यावर असतील तर चाचणीत सगळं हिरवं दिसेल आणि पुरात दोन्ही बुडतील. इमारत कुठे आहे, हे कुठलीच चाचणी विचारत नाही. ते माणसांनाच ठरवावं लागतं आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवावी लागते.

वाई, सातारा, सांगलीच्या पतसंस्थांच्या आणि नागरी बँकांच्या संचालकांना एक विनंती. पुढच्या सभेत संगणक विभागाकडे दोन गोष्टी मागा: चाचणीचा शेवटचा अहवाल, आणि मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसऱ्यावर काम चालवून पाहिलं त्या दिवसाची तारीख. तारीख सांगता आली नाही, तर पावसाळ्याआधी एक रविवार ठरवा.