भिंतीवर लागणारा फोटो विकायचाय?

मैत्रिणींनो, आमच्या गटाला फोटोची पहिली मोठी ऑनलाइन ऑर्डर आली, आणि तीच परत आली. कळसूबाईचा पावसाळी फोटो, 12 बाय 18 इंच. मोबाईलवर काय सुरेख दिसत होता! छापून गेला तो धुरकट. ताईंचे पैसे परत दिले, छपाई-कुरिअरचा खर्च गटाच्या अंगावर. चूक आमचीच. फोटो छपाईवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आपोआप लहान होतो. कागदावर स्वच्छ छापायला इंचाला साधारण 300 ठिपके लागतात. 12 मेगापिक्सेलच्या मोबाईलचा मूळ फोटो लांबीला 4000 ठिपक्यांचा, म्हणजे 13 इंचापर्यंत बिनघोर. 18 इंचाचाही लांबून बघायला चालतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला की निम्म्याहून कमी ठिपके उरतात. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर न्या. आणि काढताना झूम नको, चार पावलं पुढं जा.

मोबाईलचा फोटो 4 बाय 3 मापाचा असतो, बाजारातली 12 बाय 18 ची फ्रेम 3 बाय 2 ची. आडवा फोटो त्यात बसवताना वर-खाली मिळून दीड इंच कापला जातो. शिखराचं टोकच गेलं तर घेणारा काय बघणार? काढतानाच वर-खाली मोकळी जागा ठेवा.

आता विक्रीचं. 'सुंदर निसर्ग' असं नाव दिलं तर कुणालाच सापडत नाही. 'कळसूबाई शिखर, बारी गावातून, पावसाळा' असं लिहा. जो तो डोंगर चढून गेलाय, ज्याचं गाव तिथलं आहे, तोच पैसे मोजतो. सोबत माप आणि कागद चकचकीत की मॅट हे लिहा. छापलेली प्रत भिंतीवर लावून, शेजारी खुर्ची ठेवून एक फोटो टाका, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

भात लावणाऱ्या बाईचा फोटो असेल तर आधी तिला विचारा. विकायचाय हेही सांगा. नाही म्हणाली तर विषय संपला.

किंमत ठरवताना पुष्कळ जणी फसतात. समजा छपाई 150, नळी-पॅकिंग 50, कुरिअर 100, म्हणजे खर्चच 300. फोटो 350 ला विकला तर हाती 50. एक ऑर्डर परत आली की सहा फोटोंची कमाई गेली, आणि आपली मेहनत तर धरलीच नाही.

आता आम्ही विक्रीला टाकण्याआधी एक प्रत छापून बघतो. कळसूबाईची नवी प्रत बैठकीच्या खोलीत लावलीय. ऑर्डर परत केलेल्या ताईंना तिचा फोटो पाठवलाय, अजून उत्तर आलेलं नाही.