चार लाखांची गिटार, यवतमाळचा मे महिना आणि एक कूलर

मागच्या जूनमध्ये मी नवीन गिटार घेतली तेव्हा लगेच अनबॉक्सिंगचा एपिसोड करणार होतो. केला नाही. पहिल्या आठवड्यात माणूस जे बोलतो ते गिटारबद्दल नसतं, स्वतःच्या खर्चाचं समर्थन असतं. आता वर्ष झालं. एक पावसाळा, एक हिवाळा आणि यवतमाळचा एक अख्खा मे महिना त्या गिटारने माझ्यासोबत काढलाय, म्हणून आता बोलतो. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. आवाजाचे तुकडे इथे नाहीत, तिथे काय वाजलं ते शब्दांत सांगितलंय.

तर गिटार आहे पीआरएस कस्टम २४. कोअर मॉडेल, म्हणजे अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या स्टीव्हन्सव्हिल गावात बनलेली. पॉल रीड स्मिथ नावाच्या माणसाने १९८५ मध्ये ही कंपनी काढली. महोगनीची बॉडी, वर मेपलची लहरी लहरी दिसणारी जाड फळी, २४ फ्रेट, आणि फिंगरबोर्डवर उडणारे पक्षी जडवलेले. पॉलच्या आईकडे पक्षी ओळखायचं पुस्तक होतं, त्यावरून ते पक्षी आले. आमच्या आईला अख्ख्या गिटारमध्ये तेवढंच आवडलंय.

किंमत चार लाखांच्या वर. हो, मला माहीत आहे. नोकरी लागल्यापासून कारसाठी बाजूला टाकत होतो ते पैसे. बाबा रिटायर्ड मास्तर आहेत, अजूनही जुनी स्कूटर चालवतात. पेटी उघडली तेव्हा ते काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तुही ते जुनी काय कमी वाजत होती? हिच्यात असं काय आहे, मले समजावून सांग." मी तेव्हा "टोन" वगैरे काहीतरी बडबडलो. मास्तर माणूस, त्यांना ते उत्तर पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. हा एपिसोड म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

जुनी गिटार म्हणजे बी. टेक.च्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर घेतलेली आठ हजारांची कॉपी. सिंगल कॉइल पिकअप असलेली.

आधी एक टेस्ट सांगतो. धाकट्या भावाला पडद्यामागे बसवलं. त्याने एकच रिफ, एकाच अँपवर, आवाज सारखा करून, कधी जुन्या तर कधी नव्या गिटारवर दहा वेळा वाजवला. मी ओळखायचं. दहापैकी सात बरोबर आले. मी खूश. मग इंजिनिअरचा किडा वळवळला आणि हिशोब केला. नुसतं नाणं उडवून दहापैकी सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता १७ टक्के निघते. म्हणजे डोळे मिटून अंदाज मारणाऱ्या सहा जणांत एकाला हे जमेल. थोडक्यात, माझ्या टेस्टने काहीच सिद्ध झालं नाही. बाबांनी तर चौथ्यानंतर उठून चहा मांडला.

पण वाजवणारा मी असलो की फरक पहिल्या मिनिटात कळतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण यूट्यूबवर लोक गिटारचा आवाज ऐकून भांडत बसतात. महाग गिटारचा बराचसा पैसा ऐकणाऱ्याच्या कानात जात नाही, वाजवणाऱ्याच्या बोटांत जातो.

कुठे जातो ते बघू. गिटारची लांबी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची मोकळी तार, हिची आहे २५ इंच. फेंडरची साडेपंचवीस, गिब्सनची पावणेपंचवीसच्या आसपास, ही मधली. तार जितकी लांब तितकं त्याच सुराला ताण जास्त. म्हणून हिच्यावर बेंड मारणं जुनीपेक्षा जरा सोपं पडतं. आता फ्रेट. प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या साधारण अठराव्या भागावर बसतो, नेमका आकडा १७.८१७. पहिला फ्रेट नटपासून साडेपस्तीस मिलिमीटरवर. हे गणित आठ हजारवाल्यालाही माहीत असतं, मशीन तीच खाच पाडते. खरं काम पुढचं असतं. चोवीसच्या चोवीस फ्रेटची उंची सारखी करणं, टोकं गोल घासणं, नटमधली खाच तारेच्या जाडीएवढीच ठेवणं. एक फ्रेट केसभर उंच राहिला की त्याच्या आधीच्या सुरावर तार घासून खरखरते. मग तुम्ही तारा वर उचलता, आणि मग बोटं दुखतात. माझ्या जुन्या गिटारमध्ये सात वर्षं हेच चाललं होतं आणि मला वाटायचं आपलाच हात कच्चा आहे.

ट्यूनिंगचंही तसंच. बेंड मारली की तार नटमध्ये किंचित अडकते आणि परत पूर्ण जागेवर येत नाही. पेग खराब नसतो, घर्षण असतं. हिच्यात नट नीट कापलेला आहे आणि ट्यूनर तार पकडून ठेवणारे, लॉकिंगवाले. आधी दोन गाण्यांनी ट्यून करायचो, आता तासभर बघावं लागत नाही.

आणि मेपलच्या लहरी? त्या दिसायला. जितक्या दाट तितके पैसे जास्त. त्या मोहात मीही पडलो, नाकारत नाही.

आता विजेकडे येऊ, कारण माझ्या मते या एपिसोडचा सगळ्यात कामाचा भाग हाच आहे.

[इथे ऑडिओमध्ये आधी जुन्या गिटारची गुणगुण ऐकू येते, मग नवीनची शांतता.]

पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. गिटारची लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. बारावीचं फिजिक्स. पण कॉइलला काय कळतं की हे गिटारचं क्षेत्र आणि हे भिंतीतल्या वायरिंगचं? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० आणि १०० वर येते. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबला की ९८ हर्ट्झचा जी वाजतो. म्हणजे महावितरण चोवीस तास जवळपास जी सुरात तंबोरा लावून बसलंय.

गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ मध्ये यावर उपाय काढला, हंबकर. दोन कॉइल शेजारी शेजारी. दुसरीचं चुंबक उलटं, आणि गुंडाळीही उलटी. गिटारच्या तारेचा सिग्नल दोनदा उलटा होतो, मायनस मायनस प्लस, म्हणून दोन्ही कॉइलचा मिळून दुप्पट. भिंतीतल्या गुणगुणीला तुमच्या चुंबकाशी देणंघेणं नाही. ती फक्त गुंडाळीमुळे एकदाच उलटी होते, म्हणून एक कॉइल प्लस, दुसरी मायनस, आणि बेरीज जवळपास शून्य. माझ्या गिटारमध्ये दोन छोटे टॉगल आहेत, त्यांनी हंबकरची एक कॉइल काढता येते. आवाज पातळ, खणखणीत होतो, आणि गुणगुण लगेच परत. मी बाबांना हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले.

पण हंबकर असूनही माझ्या खोलीत आवाज येत होता, आणि तारांना हात लावला की कमी व्हायचा. तारा ब्रिजमधून, जॅकमधून, अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तुमचं शरीर अँटेना असतं, तुम्ही तार धरली की अँटेना अर्थ होते. म्हणजे हात लावून आवाज कमी होणं नॉर्मल आहे. तरी एवढा का, म्हणून वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी टेस्टर लावला आणि सरळ अंगणात गेले. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडला होता. मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं. "दर उन्हाळ्यात हप्त्यातून एकदा पाणी टाकत जा," म्हणाले. अर्ध्याहून जास्त गुणगुण तिथेच मेली. चार लाखांची गिटार आणि उपाय दोन बादल्या.

यात हसण्यासारखं आहे तसं घाबरण्यासारखंही आहे. अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये फॉल्ट आला, तर तुमच्या बोटांखालच्या तारा लाईव्ह होऊ शकतात. एक हात तारेवर आणि ओठ माइकला लागले की करंट छातीतून जातो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर असाच गेला. आपल्याकडे गणपतीत, लग्नात स्टेजवर काय असतं ते सगळ्यांनी पाहिलंय. तीन पिनच्या प्लगची वरची पिन तोडलेली, नाहीतर उघड्या वायर सॉकेटमध्ये काडीने खोचलेल्या. मीही कॉलेजात असं वाजवलंय, माइकला ओठ लागून झिणझिण्याही आल्यात, आणि आम्ही हसलोय. आता मी टेस्टर सोबत ठेवतो. अर्थिंग नसेल तर वाजवत नाही, कितीही ओळखीचे लोक असोत. आणि एक, इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल तर त्याची करकर अँपच्या सप्लायमधून आत येते. तिथे हंबकरही काही करू शकत नाही.

आता तो मे महिना.

बाहेर ४४-४५ अंश. पाचशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा मीटर खोलीत ठेवला होता, दुपारी त्यावर १६ टक्के. मग मी लॉगइन करायचो, कूलर लावायचो, तासाभरात ६५ च्या वर. रात्री बंद, सकाळी परत कोरडं. गिटार भिंतीवर, कूलरच्या अगदी समोर, कारण व्हिडिओ कॉलमध्ये मागे छान दिसायची. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के लागतात, आणि मी तिला रोज वाळवंटातून कोकणात आणि परत नेत होतो. तिसऱ्या आठवड्यात फ्रेटची टोकं तळहाताला बोचू लागली, वरच्या फ्रेटवर तार खरखरायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. चार लाख, आणि अकरा महिन्यांत वाट लावली.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, यांची हयात सुतारकामात गेली. सागवानाच्या या जिल्ह्यात त्यांनी किती दारं-चौकटी केल्या असतील याचा हिशोब नाही. त्यांना दाखवली. त्यांनी नेकवरून अंगठा फिरवला आणि हसले. "काही झालं नाही हिले. लाकूड रुंदीत हलते, लांबीत हलत नाही. पावसाळ्यात दार फुगते ना, तसं. हे आकसलं, लोखंड थोडीच आकसते? म्हणून टोकं बाहेर आली." मग फिंगरबोर्ड खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून पाहिला. "हे तं आपलं शिसम आहे बे!"

स्पेसिफिकेशनमध्ये रोझवूड लिहिलंय. इंडियन रोझवूड म्हणजे शिसमच, दक्षिणेच्या जंगलातून जगभरच्या गिटारवाल्यांकडे जाणारं. २०१७ पासून या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक नियम आले, तेव्हा गिटार कंपन्यांची चांगलीच पंचाईत झाली होती. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मोठ्या बाबांना या सगळ्यापेक्षा एकच प्रश्न पडला, की आपलं लाकूड चार लाखांत परत का आणलं.

उपाय साधा निघाला. गिटार वाजवून झाली की पेटीत. पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर, पिळलेला स्पंज. दहा-बारा दिवसांत टोकं बरीचशी आत गेली, कानस लावावी लागली नाही. नेकसाठी ट्रस रॉड असतो. सहा तारा मिळून नेकला ३५ ते ४० किलोने ओढतात, जवळपास सिमेंटची पाऊण गोणी. त्याला उलटा ताण देणारी लोखंडी सळई नेकच्या आत असते. तपासायचं कसं? एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी किंवा जरा कमी फट हवी. अजिबात नसेल तर सळई थोडी ढिली, जास्त असेल तर घट्ट. एका वेळी पाव फेरा, मग रात्रभर थांबा. जोर लावायची वेळ आली तर हात काढा आणि जाणकाराकडे न्या.

मिरजेच्या सतारीची इथे आठवण येते, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, हवा बदलली की वाजवणारा स्वतः सरकवतो. गिटारचे फ्रेट ठोकून बसवलेले, एकदा बसले की बसले. म्हणून गिटारमध्ये सगळा भार लाकडावर येतो, ते किती नीट सुकवलंय यावर. माझी समजूत अशी की माझ्या पैशातला मोठा हिस्सा त्या सुकवण्यातच गेलाय.

मग घ्यावी का? तुमचा पगार माझ्याएवढा किंवा कमी असेल तर नाही. याच डिझाइनची एसई कस्टम २४ इंडोनेशियात बनते, मेपलचा वरचा लहरी थर पातळ असतो, किंमत साधारण चौथ्या हिश्शात बसते. ती घ्या, वर चांगल्या माणसाकडून फ्रेट आणि नट नीट करून घ्या. आठ-दहा हजारांची असेल तर नवीन घेण्याआधी तेच करून बघा. मी या मे महिन्यात जुनीचा नट बदलून फ्रेट घासून घेतले, आणि ती इतकी सुधारली की मला जरा वाईटच वाटलं. मी विकणार नाही, हेही सांगतो. रोज हातात घ्यावीशी वाटते, आणि वर्षभरात जेवढं वाजवलं तेवढं आधीच्या तीन वर्षांत वाजवलं नव्हतं. बाबांना हाच हिशोब दिला. ते म्हणाले, "मग कार काही येत नाही आता." मी म्हटलं, दोन वर्षं तरी नाही.

कूलर आता हॉलमध्ये आहे. मे महिनाभर मी तिथेच झोपलो, बाबांच्या घोरण्यासकट. गिटार खोलीत, पेटीत, ४८ टक्क्यांवर.