बढतीआधी फाइल तपासा

अमेरिकी लष्कराच्या बढती मंडळासमोर अधिकारी स्वतः जात नाही, त्याची फाइल जाते. म्हणून मंडळ बसण्याआधी ‘माय बोर्ड फाइल’ ही मंडळाला दिसणारी ऑनलाइन फाइल उघडून मूल्यमापन अहवाल, पदकं, प्रशिक्षणाच्या नोंदी ताडून पाहायच्या आणि तपासल्याची नोंद करायची. अहवालांत मध्येच काही महिने कोरे दिसले, तर प्रश्न उभा राहतोच. पूर्वी अधिकाऱ्याच्या फोटोतल्या छातीवरच्या फिती आणि कागदावरची पदकं जुळतात का, हेही पाहिलं जाई; ऑगस्ट २०२० मध्ये फाइलमधून फोटोच काढून टाकला. घोळ कारकुनाचा असला, तरी निस्तरायचा अधिकाऱ्यानंच! गंभीर चूक राहिल्यास विशेष निवड मंडळाकडे दाद मागता येते. मात्र वेळीच लक्ष घातलं असतं तर ती सापडली असती, असं दिसल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.