स्कॅनरवर उणे चाळीस

मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा दुपारी चेक इंजिनचा दिवा पेटतो, रेडिएटरचा पंखा चावी फिरवताच सुरू होतो तो थांबतच नाही, काही गाड्यांत एसीही बंद पडतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की कोड येतो पी०११८, आणि कूलंटचं तापमान दिसतं उणे ४० अंश. वऱ्हाडातल्या कुठल्याही गाडीत एवढं थंड पाणी असणं शक्य नाही. हा आकडा बहुतेक वेळा तुटलेल्या जोडणीचा असतो.

त्याचं असं होतं. कूलंट तापलं की सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो, गार झालं की वाढतो. गाडीचा संगणक त्यावरून तापमान ठरवतो. तार तुटली तर वीज वाहतच नाही. संगणकाला तो प्रचंड रोध वाटतो आणि तो कडाक्याची थंडी समजून बसतो. पी०११८ या कोडचा अर्थ एवढाच, की या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, दोन तारा आणि अर्थिंग. कोड बघून थेट नवा सेन्सर घेणं म्हणजे चार संशयितांपैकी एकालाच न विचारता शिक्षा देणं.

तपासणी साधी आहे. इंजिन थंड असताना दोन तारांच्या सेन्सरचा कपलर काढा. त्यातल्या दोन्ही टोकांना वायरचा छोटा तुकडा जोडा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. स्कॅनरवरचा आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या बराच वर गेला, तर तारा आणि संगणक ठीक आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या सैल पिनेत. आकडा हललाच नाही, तर बहुधा तार मध्ये कुठेतरी तुटली आहे. धान्याच्या किंवा सरकीच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली जागा आधी शोधावी. तुटलेली तार सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती टेप इंजिनच्या उष्णतेने सुटते.

गाडी मिसिंग मारते तेव्हाही आधी तपासायचं, मग भाग बदलायचा, हीच रीत. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल, तर पहिल्याची कॉईल दुसऱ्यावर बसवा, कोड पुसा, थोडी चालवून बघा. आता पी०३०२ आला तर कॉईल गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं दुखणं वेगळं. गांधी रोड ते रेल्वे स्टेशन एवढ्याच फेऱ्या झाल्या की डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरतो आणि पी२४६३ येतो. दिवा नुकताच लागला असेल, तर बहुतेक वेळा अमरावती महामार्गावरून मूर्तिजापूरपर्यंतची सलग, एका वेगातली फेरी पुरते. काजळी जळताना फिल्टर सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापतो. त्यामुळे अशा फेरीनंतर वाळक्या गवतावर किंवा पऱ्हाटीवर गाडी उभी करणं धोक्याचं आहे.

कोड पुसण्याआधी स्कॅनरमधला फ्रीझ फ्रेम लिहून ठेवावा. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, इंजिनचे फेरे, तापमान किती होतं ते त्यात असतं, आणि कोड पुसला की तेही पुसलं जातं.