पगार चालू झाला का?

दुसरबीडच्या थांब्यावरून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या एसटीत चढलं की एखाद्या तरी म्हातारीच्या मांडीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी दिसते. चेनची, साडीच्या दुकानात मिळते तशी. माझ्या शेजारच्या आजींनी ती उघडली तेव्हा आत काय काय आहे ते बघायला मिळालं. आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, रबर लावलेलं पासबुक, पाकिटात दोन फोटो, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि घडीवर फाटत आलेला उत्पन्नाचा दाखला. मृत्यूचा दाखला तेवढा लॅमिनेट केलेला. बाकीचे कागद कधी ना कधी बदलतात, हा एक बदलायचा नाही, म्हणून.

पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारलं, "पगार चालू झाला का?"

"कुठी व. अंगठा येऊन नाही राहिला."

पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिन्याचे पैसे. सरकारी कागदावर ते 'अनुदान' किंवा 'अर्थसहाय्य'. गावात मात्र त्याला पगारच म्हणतात आणि मला तो शब्द जास्त खरा वाटतो. पगार ठरलेल्या तारखेला यायचा असतो, तो कुणी दिला म्हणून हार घालायचा नसतो आणि उशीर झाला तर विचारता येतं. या तिन्ही बाबतींत योजना आणि शब्द यांचा मेळ बसत नाही. तो का बसत नाही हे शोधायला गेलो तर दुसरबीडहून थेट विधानभवनात जावं लागलं.

योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९८० रोजी. बॅरिस्टर ए. आर. अंतुले त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले होते आणि त्याच महिन्यात संजय गांधींचा विमान अपघातात मृत्यू झाला होता, नाव त्यातून आलं. अंतुल्यांची कारकीर्द दोन वर्षंही टिकली नाही, योजना मात्र चार दशकांहून जास्त टिकली. पात्र कोण याची यादी वाचताना जीव दडपतो. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अपंग, अनाथ मुलं, कर्करोग-क्षय-पक्षाघात-कुष्ठरोगाने खिळलेले, तुरुंगात असलेल्याची पत्नी, देवदासी, तृतीयपंथी, पस्तिशी उलटलेली अविवाहित स्त्री, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्या बायका. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत दुसरबीडचा बुलढाणा जिल्हा होता, तेव्हा यादीतला हा शेवटचा प्रकार इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

वयाची ६५ झाली की माणूस 'श्रावणबाळ'मध्ये जातो. हे नाव ज्याने सुचवलं त्याला दाद द्यायला हवी. आई-बापाला कावडीत घालून नेणारा मुलगा घरात नसेल तर ती कावड सरकार उचलणार. फक्त मुलासकट घराचं उत्पन्न तोकडं आहे हे आधी सिद्ध करायचं. मुलगा कमावता असला आणि बघत नसला तर त्यासाठी अर्जात रकाना नाही. मग पोराचं रेशनकार्ड वेगळं काढायचं. एकाच चुलीवर जेवणारी माय आणि लेक कागदावर वेगळे होतात. खेड्यापाड्यांत अशी किती घरं फुटली असतील याची मोजदाद कुणी करत नाही, कारण त्या घरांची भिंत तशीच उभी असते.

रकमेची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. कित्येक वर्षं महिन्याला ६०० रुपये मिळत, २०१९मध्ये १००० झाले, २०२३मध्ये १५००. यात केंद्राचा वाटा किती? दारिद्र्यरेषेखालच्या ऐंशी वर्षांखालील वृद्धामागे २०० रुपये. १९९५ साली १५ ऑगस्टला वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली तेव्हा ७५ होते, पुढे दशकभराने २०० झाले आणि तिथेच थांबले. संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीने वाढवा म्हणून वारंवार लिहिलं आहे. दोनशे रुपयांत तेव्हा काय यायचं आणि आज काय येतं हा हिशोब वाचकानेच घरच्या किराणा यादीवर करावा.

सभागृहात भांडण होतं ते या रकमेवर. पंधराशेचे एकवीसशे करा, तीन हजार करा. रक्कम भाषणात घेता येते, फलकावर लिहिता येते. पण कागद चाळताना माझं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर अडकलं. तो फलकावर कधी येत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. अपंगांसाठी ५० हजार, बाकी सगळ्यांना एकवीस.

एकवीस हजार म्हणजे महिन्याला १७५० आणि दिवसाला अख्ख्या घरामागे ५७ रुपये आणि वर काही पैसे. आता रोजगार हमीचा दर बघा. २०२५-२६मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एका माणसाने ६८ दिवस माती उचलली की २१,२१६ रुपये होतात आणि ते घर निराधार राहत नाही. मनरेगात सरकार स्वतः ज्या शंभर दिवसांची हमी देत होतं, त्यातले ३२ दिवस शिल्लक असतानाच. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी यातले रोज धरले तर प्रश्नच मिटला.

म्हणजे नियमाप्रमाणे चालायचं तर दुसरबीडच काय, अख्ख्या तालुक्यात निराधार शोधायला कंदील लागेल. तरी यादी आहे, पगार होतात. कारण दाखल्यावर एकवीस हजार किंवा त्याच्या आतला आकडा लिहिला जातो. लिहिणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं, मंजूर करणाऱ्या समितीलाही. यात तलाठ्याचा दोष काढायची माझी इच्छा नाही. त्याने खरा आकडा लिहिला तर एका विधवेचं दळण बंद होतं, हे त्याला मंत्रालयापेक्षा जास्त कळतं. पण परिणाम बघा. ज्या कागदावर बाईचा हक्क उभा आहे तोच कागद कच्चा. कुणी तक्रार केली, कुणाशी वाकडं आलं, गावातल्या निवडणुकीत चुकीच्या बाजूला दिसली, तर 'फेरतपासणी' या एका शब्दाने पगार थांबू शकतो. मग ती कुणाच्या तरी ओळखीवर, कुणाच्या तरी चिठ्ठीवर जगते. गरीब माणसाला मिंधं ठेवायला खूप मोठी यंत्रणा लागत नाही, एक न बदललेला आकडा पुरतो.

सिंदखेडराजा मतदारसंघाने २०१४ला डॉ. शशिकांत खेडेकर, २०१९ला डॉ. राजेंद्र शिंगणे आणि २०२४ला मनोज कायंदे असे तीन निवडणुकांत तीन आमदार निवडले. माणसं बदलली, पक्ष बदलले. एकवीस हजार बदलले नाहीत. तो आकडा एका आमदाराच्या हातात नसतो हे मान्य. मग आमदाराच्या हातात काय असतं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर देणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला आहे.

वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातले, १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. सभापती म्हणजे दुसऱ्यांना बोलू देणारा माणूस, स्वतः बोलायचं नाही. पण या माणसाने तासगाव तालुक्यात साठच्या दशकात एक प्रयोग करून पाहिला. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, ते त्याच्याच शिवारात द्यायचं, आणि त्या कामातून शिवार सुधारायचं. १९७२च्या दुष्काळात हीच रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. इथपर्यंत ती योजनाच होती, म्हणजे शासन निर्णय. पुढचं पाऊल महत्त्वाचं. पैसा कुठून, तर १९७५ साली व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर महिन्याला २०० रुपये कापल्याची जी ओळ असते (फेब्रुवारीत ३००), तिचा जन्म यासाठी झाला. दर महिन्याला चिडून ती वाचणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे कुणास ठाऊक. मग १९७७चा रोजगार हमी कायदा आला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. तो किमान एक रुपया होता, म्हणजे रकमेत काही नव्हताच. पण त्या रुपयासाठी मजूर सरकारला कायद्याचं कलम दाखवू शकत होता. २००५ साली दिल्लीने देशाचा कायदा केला तेव्हा समोर महाराष्ट्राचंच उदाहरण होतं.

निराधार योजना मात्र आजही शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर चालते. एक निर्णय दुसऱ्या निर्णयाने बदलता येतो, त्यासाठी सभागृहात हात वर करावा लागत नाही. पैसे तीन महिने लांबले तर त्यावर व्याज नाही, दंड नाही. तालुका समितीचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या पसंतीचा. सरकार बदललं की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमेपर्यंत फायली तहसीलदारांच्या टेबलावर. ज्याचे हात चालतात त्याच्यासाठी कायदा झाला आणि ज्याचे चालत नाहीत त्याच्यासाठी जीआर.

पागे सभापती असतानाच्याच काळात आणखी एक कायदा झाला, १९७६चा. तो माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनाचा. ऑगस्ट २०१६मध्ये त्यात दुरुस्ती होऊन महिन्याचे ४० हजारांचे ५० हजार झाले, पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा असेल तर प्रत्येक वर्षामागे दोन हजार जास्त. कुटुंबनिवृत्तिवेतनही आहे. मला या रकमेवर चिडायचं नाही. निवृत्त आमदाराने उपाशी राहावं असं कुणी म्हणणार नाही. लक्ष वेधायचं आहे ते इतकंच, की ज्यांना कायद्याची किंमत कळते त्यांनी स्वतःचा पगार जीआरवर सोडला नाही.

कुटुंबाला आधार ही दया नसून कायद्याची बाब आहे, हे मराठी माणसाने सभागृहात फार आधी मांडलं आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकर कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले, आणि १९२९मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झालाही. अलीकडचं उदाहरण राजस्थानचं. जुलै २०२३मध्ये तिथल्या विधानसभेने किमान उत्पन्न हमीचा कायदा केला, त्यात निवृत्तिवेतन किमान हजार रुपये आणि दर वर्षी १५ टक्के वाढ कायद्यातच लिहिली. पुढे सरकार बदललं आणि अंमलबजावणी रेंगाळली, हेही खरं. पण विचारायला कलम तरी आहे.

आपल्याकडे २०२४च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण' आली. २८ जूनला घोषणा झाली, १७ ऑगस्टला कार्यक्रम करून दोन महिन्यांचे तीन हजार रुपये जमा झाले. अंगणवाडी सेविकांनी मोबाइलवर अर्ज भरले. इच्छा असली की सरकारी फाइल किती वेगाने धावते ते महाराष्ट्राने पाहिलं. इथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, रक्कम तीच, पंधराशे. ज्या बाईला दुसऱ्या योजनेतून पंधराशे मिळतात तिला ही नाही. म्हणजे दुसरबीडच्या एकाच गल्लीत नवरा, दोन एकर आणि म्हैस असलेली बाई आणि शेजारची विधवा, दोघींच्या खात्यात तेवढेच पैसे. पहिलीने अडीच लाखांच्या आतली बाई म्हणून ताठ मानेने घेतले. दुसरीला त्यासाठी एकवीस हजारांच्या आत वाकावं लागतं.

अचलपूरचे बच्चू कडू २००४पासून वीस वर्षं आमदार होते. अपंगांचे प्रश्न त्यांच्याइतके चिकटून लावून धरणारा दुसरा आमदार या भागाने पाहिला नाही. डिसेंबर २०२२मध्ये राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला, त्यामागे त्यांचा तगादा होता. गंमत म्हणजे २०२४ला ते हरले आणि जून २०२५मध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. दिव्यांगांना महिन्याला सहा हजार द्या, ही त्यांची एक मागणी होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचे पंधराशेचे अडीच हजार केले. वाढ चांगलीच. पण तीही पुन्हा निर्णयानेच, कायद्याने नाही. अशासकीय विधेयक मांडायचा अधिकार तर मंत्री नसलेल्या कुठल्याही सदस्याला आहे. ते मंजूर होत नाही म्हणतात, पण मांडायला कुणी अडवत नाही.

संध्याकाळच्या गाडीत त्याच आजी पुन्हा भेटल्या. अर्धं तिकीट हातात, पिशवी मांडीवर. बोटं त्यांनी दुपारभर पाण्यात धुऊन, पदराला पुसून आधारच्या यंत्रावर लावून पाहिली होती. तीस-चाळीस वर्षं निंदण-खुरपण केलेल्या अंगठ्यावर यंत्राला रेषा सापडत नव्हत्या. आता अंगठ्याऐवजी यंत्राला डोळे दाखवायला दुसऱ्या दिवशी यायचं. त्यांनी पिशवीतून तो घडीवर फाटलेला कागद काढून माझ्याकडे दिला. "याच्यावर काय लेहेलं हाये, पाहा बरं. उद्या पुन्हा मागतीन."

मी वाचून दाखवलं. नाव, गाव, तालुका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजार रुपये.

"माये?" त्या एकदम हसल्या, इतक्या की पुढच्या सीटवरच्याने वळून पाहिलं. "एकवीस हजार? मंग कुठी हायेत ते?"