डोळ्यांखालचा काळेपणा : झाकायचा कसा, आणि कोणत्या क्रीमपासून दूर राहायचं

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या सातारा-सांगली भागात निकाहांचा मोसम सुरू होतो. कराड, मिरज, तासगाव, वाई, कुठूनतरी रोज एक दावतनामा येतोच. मागच्या मोसमात माझी एक जुनी विद्यार्थिनी स्वतःच्या निकाहाची पत्रिका घेऊन घरी आली. चहा झाल्यावर तिने पर्समधून एक छोटी डबी काढली आणि हळूच म्हणाली, "टीचर, ये लगाऊं क्या? सात दिन में फरक पडताय बोलते."

डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवण्यासाठी पार्लरवाल्या बाईंनी तिला ती डबी दिली होती. डबीवर कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. एका बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं : सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. मी विचारलं, "लावायला सुरुवात केलीस का?" म्हणाली, "पाच दिवस झाले. अम्मी पण लावते."

ती डबी मी तिला परत दिली नाही. माझ्याकडेच ठेवून घेतली. का ठेवून घेतली, आणि त्याऐवजी तिला काय सांगितलं, ते इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

काळेपणा येतो कुठून?

आपल्याकडे सरसकट समज आहे की जागरण केलं की डोळ्यांखाली काळं होतं. जागरण हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. डोळ्यांखालची त्वचा शरीरातल्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी आहे. तिथला काळेपणा साधारण तीन प्रकारचा असतो.

पहिला, तपकिरी. इथे त्वचेतच मेलॅनिन हा रंगद्रव्याचा पदार्थ जास्त साठलेला असतो. आपल्या भारतीय घरांमध्ये हा बऱ्याचदा आईकडून, आजीकडून आलेला असतो. ॲलर्जीमुळे किंवा सवयीने सारखे डोळे चोळणं, ऊन, इसब, यांनी तो वाढतो.

दुसरा, निळसर-जांभळा. इथे त्वचेचा रंग बदललेला नसतो. पातळ त्वचेतून खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. झोप कमी झाली, सर्दीने नाक चोंदलं, की तो जास्त उठून दिसतो.

तिसरा म्हणजे नुसती सावली. वय वाढलं, वजन उतरलं, की डोळ्यांखाली खोलगट होतं आणि वरून पडणाऱ्या उजेडात तिथे सावली पडते.

ओळखायचं कसं? खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. डोळ्यांखालची त्वचा बोटाने अगदी हलकेच खाली ताणा. रंग तसाच तपकिरी राहिला तर तो रंगद्रव्याचा. ताणल्यावर निळसर-जांभळी छटा आणखी स्पष्ट झाली तर रक्तवाहिन्यांचा. आणि तोंड वर उजेडाकडे केल्यावर काळेपणा जवळजवळ गायब झाला तर ती सावली. पुष्कळ जणींना यातले दोन प्रकार एकत्र असतात.

याला जोडून आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दोघींत एक. चेहरा फिका पडला की डोळ्यांखालचा काळेपणा जास्त डोळ्यात भरतो. म्हणून थकवा, धाप, चक्कर असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावं, मेकअपचा विचार नंतर.

चित्रकलेच्या तासाचा उपयोग

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात त्यांना रंगचक्र आठवत असेल. चक्रात समोरासमोर येणारे रंग म्हणजे विरोधी रंग : निळ्यासमोर नारिंगी, जांभळ्यासमोर पिवळा, लालसमोर हिरवा. हे दोन रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात, पण एकमेकांत मिसळले तर दोघांचाही भडकपणा मरतो आणि मधलाच एक करडा-तपकिरी रंग उरतो.

कलर करेक्टर नावाचं जे प्रसाधन मिळतं त्यामागे एवढंच गणित आहे. ते काळेपणा घालवत नाही, विरोधी रंगाने तो मारतं. आपली सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथेच 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं. रंगपटात बसलेल्या रंगभूषाकाराला रंगाने रंग कसा दाबायचा हे पाठच असतं. आता तीच युक्ती छोट्या ट्यूबमध्ये मिळते, इतकंच.

कोणाला कोणता रंग? गोऱ्या किंवा उजळ गव्हाळ वर्णाला पिकल्या जर्दाळूसारखा फिका, म्हणजे दुकानात ज्याला पीच म्हणतात तो. गव्हाळ ते सावळ्या वर्णाला जरा गडद पीच. गडद सावळ्या वर्णाला सरळ नारिंगी. वर्तुळं जास्त जांभळी असतील तर पिवळसर छटा. नाकाच्या कडेची लाली, मुरमांचे लाल डाग यांवर हिरवा. सावळ्या चेहऱ्यावर फार फिका करेक्टर लावला की राखेसारखा करडेपणा येतो. लग्नाच्या फोटोत डोळ्यांखाली पांढुरके चंद्र दिसतात ते यामुळेच. आणि सावलीचा प्रकार असेल तर करेक्टरचा फारसा उपयोग होत नाही, हेही लक्षात ठेवा.

लावायची पद्धत

चेहरा धुऊन साधं मॉइश्चरायझर लावा आणि पाच मिनिटं थांबा. कोरड्या त्वचेवर करेक्टर फुटतो, रेघा पडतात. मग मसुराच्या डाळीएवढा, त्याहून जास्त नाही, करेक्टर अनामिकेवर घ्या. या बोटाचा दाब सगळ्यात हलका असतो. जिथे खरोखर काळं आहे तिथेच थापटत लावा. चोळू नका, आणि पापणीच्या कडेपर्यंत नेऊ नका. त्यावर आपल्या त्वचेच्या रंगाचा कन्सीलर पातळ थापटा आणि वर चिमूटभर पावडर. थर जाड झाला की हसताना सुरकुत्यांत जाऊन बसतो.

नवीन वस्तू असेल तर आधी दोन-तीन दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा. खाज, लाली आली तर ती आपल्यासाठी नाही. हे निकाहाच्या सकाळी नाही, पंधरा दिवस आधी करायचं. मोबाईलवरच्या व्हिडिओत लाल-नारिंगी लिपस्टिक डोळ्यांखाली लावायला सांगतात. लिपस्टिक ओठांसाठी बनवलेली असते, डोळ्यांजवळच्या नाजूक त्वचेसाठी नाही, तेव्हा तो प्रयोग नको. हळद-लिंबूही नको. हळद आपल्या सांगलीचीच असली तरी लिंबाच्या आम्लाने ही पातळ त्वचा जळजळते, आणि जळजळ झालेली त्वचा आपल्याकडे बरी होताना आणखी काळी पडते.

आमच्या मुली हमखास विचारतात ते वुजूचं. वुजूत पाणी त्वचेपर्यंत पोहोचायला हवं. पाण्याने न निघणारा, वॉटरप्रूफ थर असेल तर तो आधी काढावा लागतो. त्यामुळे पाण्याने सहज निघणारा करेक्टर निवडणं सोयीचं. बारीक मसला असेल तर तो आपल्या आलिमांना विचारावा. एरवीही रात्री झोपताना सगळा मेकअप काढायचाच.

आता त्या डबीकडे वळू

करेक्टर रंग झाकतो, संध्याकाळी धुतला की निघून जातो. त्या डबीतली क्रीम रंग उडवायला निघालेली असते. हा फरक नीट समजून घ्या.

त्वचेत मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एक विकर लागतं. पारा त्या विकराचं काम बंद पाडतो. म्हणून पारा असलेल्या क्रीमने खरंच काही दिवसांत फरक दिसतो, आणि म्हणूनच लोक फसतात. पण पारा त्वचेवर थांबत नाही. तो आत शोषला जातो, रक्तात जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. तिथली गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी चेहरा आणि पाय सुजतात.

हे लांबच्या देशातलं नाही. अकोल्यातल्या एका घरात हेच घडलं. २० वर्षांची बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी स्थानिक ब्यूटीशियनकडून आणलेली क्रीम लावत होती. तिची आई आणि मोठी बहीणही तीच क्रीम वापरू लागल्या. २०२२ च्या सुरुवातीला तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं निघालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर शोध घेत गेले, क्रीमची तपासणी झाली आणि तिच्यात पारा सापडला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी सगळीकडे आली.

त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात, कोट्टक्कलच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे रुग्ण वाढत आहेत. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले असे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक ठरावीक प्रकार दिसला, आणि या १५ पैकी १३ जण गोरं करणाऱ्या क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. म्हणजे वेळेत थांबलं तर वाचता येतं.

आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला परवानगी नाही. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे एक किलो क्रीममध्ये एक मिलिग्रॅम, याहून जास्त चालत नाही.

पाऱ्याचा भाऊ म्हणजे स्टेरॉईड. खाज-नायट्यासाठी दिलेली ट्यूब शेजारीण सांगते म्हणून चेहऱ्याला लावली जाते. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, लव वाढते, आणि ट्यूब सोडली की आग होते. डोळ्यांजवळ ती महिनोन् महिने लावली तर डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉईड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती काउंटरवर मिळतात.

डबी कशी ओळखायची?

- बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली नसेल तर घेऊ नका. परदेशी माल असेल तर भारतात आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा.
- घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराईड किंवा कॅलोमेल यांपैकी काही असेल तर तो पाराच.
- "सोनं, चांदी, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका" अशी सूचना ही मोठी खूण. पारा या धातूंना खातो, म्हणून ती लिहिलेली असते.
- सात दिवसांत, पंधरा दिवसांत गोरं करण्याचा वायदा.
- पार्लरमध्ये मोठ्या डब्यातून छोट्या डबीत काढून दिलेली "स्पेशल" क्रीम.

घरात अशी डबी असेल तर झाकण घट्ट लावून, पिशवीत गुंडाळून, मुलांपासून लांब ठेवा. पाऱ्याची वाफ आणि आईच्या गालावरची क्रीम तान्ह्या बाळापर्यंतही पोहोचते. तक्रार करायची तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते.

सुरम्याबद्दलही दोन शब्द. नकाबात फक्त डोळे दिसतात, त्यामुळे आमच्याकडे डोळ्यांची हौस जास्त. पण खुल्या बाजारात पुड्यांतून मिळणारा सुरमा पुष्कळदा शिशाच्या दगडापासून, म्हणजे लेड सल्फाईडपासून केलेला असतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालूच नये. आणि रात्री न पुसलेला सुरमा सकाळी डोळ्यांखाली उतरतो, वरून आपण म्हणतो काळी वर्तुळं आली.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

काळेपणा अचानक वाढला, एकाच डोळ्याखाली आला, खाज-सूज असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगली आणि साताऱ्याची सिव्हिल रुग्णालयं आपल्याजवळ आहेत. आणि कोणी निनावी क्रीम लावत असेल तर ती आजच बंद करून लघवीची साधी तपासणी करून घ्या. डॉक्टरांना क्रीमचं नाव, शक्य तर डबीच, दाखवा. लाजून लपवू नका. अकोल्यात निदान झालं ते क्रीमबद्दल विचारलं गेलं म्हणून.

माझ्या विद्यार्थिनीला आणि तिच्या अम्मीला मी दुसऱ्याच दिवशी तपासणीला पाठवलं. अल्हम्दुलिल्लाह, दोघींचे रिपोर्ट साफ आले. निघताना तिची अम्मी मला म्हणाली होती, "क्या करना टीचर, लडकेवाले रंग देखते." याला माझ्याकडे कुठलीही ट्यूब नव्हती. मी एवढंच म्हटलं की मुलीच्या डोळ्यांखालचा रंग तुमच्याकडूनच आलाय, आणि तुमचा निकाह होऊन पंचवीस वर्षं झाली.

वलीम्याला गेले तेव्हा नवरीने पीच करेक्टर लावला होता, पातळ, बरोबर रंगाचा. मला बघून हसली तेव्हा सुरकुतीत बसला नव्हता.